मुंबईत नवीन आलात? आधी 'पास' नीट ऐकायला शिका

मुंबईत इथली माणसं सकाळपासून कसला ना कसला पास काढत, मागत, देत किंवा होत असतात. प्लॅटफॉर्मवर टीसी हात पुढे करून म्हणतो, "पास?" ऑफिसात साहेब म्हणतात, "ती फाइल आज पास करून टाका." ऑपरेशन झालेल्या मामांच्या खाटेशी येऊन सिस्टर विचारतात, "पास झाला का?" आणि परतीच्या गाडीत शेंगदाणेवाला "टाइमपास, टाइमपास" करत गर्दीतून वाट काढतो. शब्द इंग्रजी, चार अक्षरांचा, आपण पहिल्या निकालपत्रापासून ओळखतो. पण तो निकालपत्रातला अर्थ घेऊन इथे फिरलात तर बऱ्याचदा समोरच्याचं बोलणं डोक्यावरून जाईल.

लातूरहून, जळगावहून, रत्नागिरीहून शिकायला किंवा नोकरीला आलेल्यांसाठी हा लेख आहे. क्रमाने वाचलात तर बरं. घाई असेल तर पहिल्या दोन पायऱ्या तेवढ्या आजच वाचा, कारण उद्या सकाळी गाडी आहे.

पायरी पहिली: क्रियापद ऐका

इंग्रजी कोशात 'पास'चे अर्थ मोजत बसाल तर पानं संपणार नाहीत. मराठीने मात्र आपली सोय करून ठेवली आहे. आपण हा शब्द एकटा वापरत नाही, त्याला शेपूट लावतो, आणि अर्थ त्या शेपटात असतो.

पास *काढला* म्हणजे प्रवासाचा. पास *झाला* म्हणजे परीक्षा, कर्ज, ठराव किंवा पोट, यांपैकी काहीतरी. पास *केला* म्हणजे कुणीतरी मंजूर केलं किंवा हातातली वस्तू पुढे सरकवली. पास *मिळाला* म्हणजे बहुतेक वेळा फुकट. पास *दिला* म्हणजे मैदानावर चेंडू किंवा नाटकाची खुर्ची. आणि पास *संपला* म्हणजे खिडकीवर रांग लावायची वेळ झाली.

वाक्य अर्धवट ऐकू आलं तर थांबा, क्रियापद येऊ द्या. मराठीत ते शेवटी येतं, तेवढा धीर धरावा लागतो.

पायरी दुसरी: काढायचा पास

मुंबईकर 'पास' एवढंच म्हणतो तेव्हा त्याच्या मनात लोकलचा पास असतो. रेल्वेच्या भाषेत सीझन तिकीट. ठरलेल्या दोन स्टेशनांमध्ये, ठरलेल्या मुदतीत, कितीही वेळा जा-ये करा. मधल्या कुठल्याही स्टेशनावर उतरून पुन्हा चढलात तरी चालतं. डोंबिवली–दादर पास असेल आणि ठाण्याला मावशीकडे डोकावायचं असेल तर वेगळं तिकीट नको.

मुदती चार: महिना, तीन महिने, सहा महिने, वर्ष. बोलताना कुणी 'मासिक', 'त्रैमासिक' म्हणत नाही. मंथली, क्वार्टरली असंच म्हणतात. हिशेब असा, की सेकंड क्लासचा मंथली साधारण १५ एकेरी प्रवासांच्या भाड्यात येतो. म्हणजे आठव्या दिवसापासून तुम्ही नफ्यात. क्वार्टरलीला मंथलीच्या २.७ पट पैसे पडतात, सहामाहीला ५.४ पट, वार्षिकला १०.८ पट. लांब मुदतीचा पास स्वस्त पडतो हे खरं, पण नव्याने आलेल्यांनी त्या मोहात पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. पहिले दोन-तीन महिने खोली पक्की नसते, कधी मित्राकडे कांदिवलीला, कधी कॉट बेसिसवर, म्हणजे नुसत्या खाटेपुरत्या भाड्यावर, घणसोलीला. तोवर मंथली काढा. घरमालकाशी करार झाला की मग क्वार्टरली.

खिडकीवर काय बोलायचं ते तोंडपाठ करून जा, कारण मागची रांग विचार करायला वेळ देत नाही. कुठून, कुठे, कुठून वळून, कुठला क्लास, किती दिवसांचा, या क्रमाने: "डोंबिवली–अंधेरी, व्हाया दादर, सेकंड, मंथली." यातलं 'व्हाया' विसरू नका. सेंट्रल आणि वेस्टर्न अशा दोन लाइनींवर प्रवास असेल तर कुठे गाडी बदलणार ते पासावर असावं लागतं. खिडकीखेरीज स्टेशनावरच्या एटीव्हीएम यंत्रावर आणि रेल्वेच्या मोबाइल ॲपवरही पास निघतो. मोबाइलवरचा पास ॲप उघडूनच दाखवायचा. त्याचा स्क्रीनशॉट टीसीला चालत नाही, आणि चार्ज संपलेला फोन तर मुळीच नाही.

विद्यार्थी असाल तर आधी कॉलेजच्या ऑफिसात कन्सेशनचा फॉर्म मागा. तो भरून, शिक्का मारून खिडकीवर दिला की सवलतीत पास मिळतो. पहिल्या आठवड्यात कॉलेजच्या त्या खिडकीलाही रांग असते. मधल्या सुट्टीत जाऊ नका, सकाळी जा.

पास ज्याच्या नावाचा त्यानेच वापरायचा. रूममेट गावी गेला म्हणून त्याचा पास घेऊन निघालात तर तुम्ही कायद्याच्या नजरेत 'विदाउट'. हा आणखी एक इथला शब्द: विदाउट म्हणजे विनातिकीट. "आज विदाउट आलो" असं कुणी अभिमानाने सांगितलं तर हसून सोडून द्या, अनुकरण करू नका. पकडले गेल्यास भाडं आणि वर किमान २५० रुपये. सेकंडच्या पासावर फर्स्टच्या डब्यात चढणाऱ्यालाही टीसी सोडत नाही, आणि नव्या माणसाची हीच गफलत होते, कारण डबा बाहेरून जवळपास सारखाच दिसतो. डब्यावरच्या आडव्या-तिरक्या रंगीत पट्ट्या आणि दाराशेजारचा आकडा बघा. एसी लोकलचा पास वेगळा. साध्या फर्स्ट क्लासच्या पासावर एसीत बसता येत नाही.

ओळखपत्र बरोबर ठेवा. पास काढताना ज्याचा नंबर दिला तेच.

पायरी तिसरी: बसमध्ये दोन अर्थ एकाच वेळी

बेस्टच्या बसमध्ये कंडक्टर जवळ आला की पासवाले प्रवासी नुसतं "पास" म्हणतात. आणि त्याच वेळी मागून कुणीतरी तुमच्या खांद्यावर नोट टेकवून म्हणतं, "जरा पास करा." इथे तुमच्याकडे पास आहे का असं कुणी विचारत नाहीये. नोट पुढच्याच्या हातात द्यायची, ती हातोहात कंडक्टरपर्यंत जाते, आणि तिकीट आणि सुटे पैसे त्याच वाटेने परत येतात. मध्ये कुणी खिशात घालत नाही. या शहराबद्दल बाकी काहीही म्हणा, ही व्यवस्था वाखाणण्यासारखी आहे.

पायरी चौथी: होणारा पास

परीक्षेतला पास सगळ्यांना ठाऊक. बोर्डाच्या परीक्षेत शंभरात ३५ आले की पास, आणि नेमके ३५ आले की 'काठावर पास'. मुंबईच्या कॉलेजांत त्यापुढचा एक मधला मुक्काम आहे: केटी. मूळ एटीकेटी, म्हणजे 'अलाउड टू कीप टर्म्स'. विषय राहिला पण पुढच्या वर्गात बसू दिलं. "मॅथ्सला केटी लागली" हे वाक्य इथे सर्दी झाल्यासारखं सांगतात, ते ऐकून गावाकडच्या चेहऱ्याने "अरेरे, नापास?" असं म्हणू नका. तो ना पास, ना नापास.

कागदपत्रांचा 'पास' म्हणजे मंजुरी. लोन पास झालं, बिल पास झालं, सोसायटीच्या सभेत ठराव पास झाला, महापालिकेतून प्लॅन पास झाला. एक सावधगिरी: खोली किंवा फ्लॅट बघायला गेलात आणि एजंट म्हणाला, "सगळं पास आहे, टेन्शन नको," तर काय पास झालं ते विचारा. नकाशा मंजूर होणं वेगळं आणि इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, मिळणं वेगळं. एजंटच्या तोंडी दोन्हीला 'पास'च म्हणतात, आणि ते मुद्दाम.

आता हॉस्पिटल. गावाकडचे नातेवाईक उपचाराला मुंबईत येतात, आणि नुकताच इथे आलेला भाचा त्यांच्या दिमतीला लागतो. म्हणून हे नीट सांगतो. दारावरचा वॉचमन "पास?" म्हणतो तेव्हा त्याला भेटीचा पास हवा असतो, जो रुग्ण दाखल करताना मिळतो. वर वॉर्डात सिस्टर "पास झाला का?" विचारतात तेव्हा खिशातला तो कागद काढून दाखवू नका. त्या गॅसबद्दल विचारत असतात. पोटाच्या ऑपरेशननंतर आतडी पुन्हा कामाला लागल्याची ती खूण आहे, आणि त्या उत्तरावर रुग्णाला पाणी-पेज कधी द्यायची हे बऱ्याचदा ठरतं. युरिन पास, मोशन पास, हेही त्याच घराण्यातले प्रश्न. मामा लाजतील, "काही नाही" म्हणतील. तुम्ही त्यांना समजावून खरं उत्तर मिळवा. डॉक्टरांनी आतड्यांचं काम विचारलंय, मामांची अब्रू नव्हे.

'बायपास' ऐकलात तर पुढचा-मागचा शब्द बघा. "काकांची बायपास झाली" म्हणजे हृदयाची शस्त्रक्रिया. "बायपासला अडकलो" म्हणजे मुंब्रा बायपास, आणि बोलणारा ठणठणीत आहे, नुसता वैतागलाय.

पायरी पाचवी: पासिंग

"कुठलं पासिंग आहे?" हा प्रश्न गाडीबद्दल असतो: गाडीची नोंदणी कुठल्या आरटीओची. नंबरप्लेटवर एमएच ०१ म्हणजे ताडदेव, ०२ अंधेरी, ०३ वडाळा, ४७ बोरिवली. ०४ ठाणं, ०५ कल्याण, ४३ नवी मुंबई, ४६ पनवेल, ४८ वसई. एमएच १२ दिसलं की पुणे, आणि मग त्या गाडीच्या लेन बदलण्यावर डब्यात, कट्ट्यावर जे काही बोललं जातं ते इथे लिहीत नाही.

टॅक्सी-रिक्षावाले मात्र "गाडी पासिंगला दिलीय" म्हणतात तेव्हा त्यांना ठरावीक काळाने करावी लागणारी फिटनेस तपासणी म्हणायची असते. तुमचा नेहमीचा रिक्षावाला दोन दिवस दिसला नाही तर कारण हे असू शकतं.

पायरी सहावी: टाइमपास

हा शब्द मुंबईने अंगाखांद्यावर खेळवला. लोकलमध्ये शेंगदाण्याच्या पुडीलाच टाइमपास म्हणतात, म्हणजे कामाचं नाव वस्तूला. इंग्रजीत 'पास्टाइम' म्हणून जो शब्द आहे तोही 'पास' आणि 'टाइम' जोडूनच झालाय, फ्रेंच 'पास-तां'च्या वळणावर. आपण तोच उलटा केला. काही इंग्रजी कोशांनी आता 'टाइमपास'ला भारतीय इंग्रजी म्हणून जागाही दिली आहे.

नवख्याने दोन छटा ओळखाव्यात. "पिक्चर टाइमपास आहे" ही बऱ्यापैकी चांगली शिफारस: फार अपेक्षा ठेवू नका, कंटाळा येणार नाही. पण "तो तिच्याशी टाइमपास करतोय" हा आरोप आहे, आणि तो हलका नाही. ऑफिसात साहेबांनी "टाइमपास चाललाय का?" असं विचारलं तर उत्तर देऊ नका, स्क्रीनकडे बघा.

पायरी सातवी: फुकटचा पास

दादरचं शिवाजी मंदिर, माटुंग्याचं यशवंत, पार्ल्याचं दीनानाथ या नाट्यगृहांच्या भोवती राहणाऱ्या मराठी माणसाला अधूनमधून एक फोन येतो: "पास आहेत, येतोस?" इथे पास म्हणजे सन्मानिका. जायचं, वेळेवर जायचं, आणि फुकट आलो म्हणून मध्यंतरात नाटकाला नावं ठेवायची नाहीत. वानखेडेच्या सामन्याचा पास कुणी देऊ केला तर तो माणूस तुम्हाला खरंच जवळचा मानतो.

नवरात्रातल्या गरब्याचे पास मात्र विकतचे असतात, आणि 'सीझन पास' म्हणजे नऊही रात्रींचा. ओळखीच्या ओळखीतून 'स्वस्तात' मिळणाऱ्या पासांपासून लांब राहा. बनावट निघाला तर गेटवर सजूनधजून उभं राहावं लागतं.

पायरी आठवी: ऑफिसातला इंग्रजी 'पास'

इथे शेपूट मराठी क्रियापदाचं नसतं, इंग्रजी शब्दाचं असतं, आणि त्याने अर्थ पार फिरतो.

बायोडेटापासून सुरुवात करू. आपण सर्रास '२०२३ पासआउट' लिहितो. भारतात ते सगळ्यांना कळतं. ब्रिटिश इंग्रजीत लष्करी प्रशिक्षण पूर्ण होण्याला 'पास आउट' म्हणतात. खडकवासल्याच्या एनडीएत पासिंग आउट परेड होते ती त्याच अर्थाने. पण परदेशी माणसाच्या रोजच्या बोलण्यात 'पास आउट' म्हणजे शुद्ध हरपणं, आणि तेही बरेचदा दारूने. "आय पास्ड आउट इन ट्वेंटी ट्वेंटी-थ्री" असं परदेशी क्लायंटला सांगितलंत तर तो चिंतेत पडेल. त्याच्यासमोर 'ग्रॅज्युएटेड' म्हणा.

'आय विल पास' म्हणजे 'मी पास होईन' नव्हे आणि 'मी पुढे देतो' नव्हे. त्याचा अर्थ 'मला नको, तुमचं चालू द्या'. पत्त्यांत बोली बोलायची नसली की आपण 'पास' म्हणतो, तोच हा. जोर देऊन नकार द्यायचा तर हल्लीची मंडळी 'हार्ड पास' म्हणतात. साहेबांना म्हणू नका.

'पास ऑन' सर्वात घातकी. 'पास ऑन द मेसेज' म्हणजे निरोप पुढे दे. 'पास ऑन द डिझर्ट' म्हणजे गोड नको. आणि 'ही पास्ड ऑन' म्हणजे ते वारले. 'पास्ड अवे'चाच भाऊ. मेलमध्ये हे शेवटचं वाचून 'ग्रेट, थँक्स' असं उत्तर पाठवलं की ते परत घेता येत नाही, तेव्हा वाक्य पूर्ण वाचा.

'पास द बक' म्हणजे आपली टोलवाटोलवी. पोकरमध्ये पत्ते वाटायची पाळी कुणाची हे दाखवायला खेळाडूपुढे एक वस्तू ठेवत, तिला 'बक' म्हणत. पाळी नको असेल तर ती शेजाऱ्याकडे सरकवायची. सरकारी कचेरीत एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

आता गंभीर. 'मेक अ पास ॲट समवन' म्हणजे एखाद्या व्यक्तीशी लगट करू बघणं. आपल्याकडे कॉलेजच्या कट्ट्यावरून मुलींवर 'कमेंट पास करणं' चालायचं, ते याच्याच शेजारचं. दोन्ही गोष्टी ऑफिसच्या अंतर्गत तक्रार समितीपुढे जाऊ शकतात. 'तो तिला पास देत होता' असलं अर्धवट भाषांतर करून हसू नका.

लंडनकडच्या क्लायंटच्या तोंडी 'खायबर' आलं तर ते भूगोलाबद्दल बोलत असतीलच असं नाही. 'पास'चा एक अर्थ खिंड. खैबर पास ही खिंडच. लंडनच्या कॉकनी बोलीत यमक जुळवून शब्द लपवायची खोड आहे, आणि 'खैबर पास'शी यमक जुळणारा त्यांचा शब्द आपल्या शरीराच्या मागच्या भागाचा आहे.

पायरी नववी: कोश कसा उघडायचा

एवढ्यावर भागलं नाही आणि कोश उघडलाच, तर पहिला अर्थ बघून बंद करू नका. आधी नाम की क्रियापद ते बघा, मग पुढचा जोडशब्द शोधा: 'आउट', 'ऑन', 'ॲट', 'फॉर'. शेवटी 'अनौपचारिक', 'ब्रिटिश', 'भारतीय' असली खूण आहे का ते बघा. ती खूण अर्थाइतकीच कामाची.

मूळ सापडलं की गुंता बराच सुटतो. लॅटिन 'पासुस' म्हणजे पाऊल. पाऊल पुढे टाकणं, पलीकडे जाणं, या एका कल्पनेतून परीक्षा ओलांडणं, वेळ सरणं, मरणं, खिंड, परवाना हे सगळं निघालं. रोमन लोक हजार दुहेरी पावलांना 'मिल्ले पासुस' म्हणत, त्यातून इंग्रजी 'माइल' आला. मुंबईत फोर्टातल्या सेंट थॉमस चर्चपासून मैल मोजणारे ब्रिटिशकाळचे दगड अजून काही ठिकाणी फुटपाथवर आहेत, आणि चर्चगेटचं नावही याच चर्चकडे उघडणाऱ्या किल्ल्याच्या दरवाजावरून पडलं.

'ट्रेसपास' हाही त्याच घरातला: जिथे जायचं नाही तिथे पाऊल टाकणं. स्टेशनावर त्याची घोषणा रोज होते. रूळ ओलांडण्याला रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. पूल लांब असला तरी पुलावरूनच जा.

आणि एक इंग्रजी नसलेला 'पास'

मुंबईत अर्धं ऐकणं हिंदीत असतं. "स्टेशन के पास", "मेरे पास छुट्टा नहीं" यातला पास इंग्रजीशी काही नातं सांगत नाही. तो संस्कृत 'पार्श्व'चा, म्हणजे बाजूचा, वंशज. आपल्या 'आसपास' आणि 'पाशी' यांचा सख्खा. त्यामुळे तो ओळखणं सोपं: आधी 'के' किंवा 'मेरे' असेल तर तो हिंदीतला.

याची गाठ पहिल्यांदा रिक्षात पडेल. जवळच जायचं म्हणून हात केलात की रिक्षावाला मान हलवून म्हणेल, "पास का भाडा नहीं." त्याला जवळचं भाडं नको आहे. मीटरच्या रिक्षाने भाडं नाकारणं मोटार वाहन कायद्यात गुन्हा आहे, वाहतूक पोलिसांकडे तक्रार करता येते. त्यासाठी नंबर टिपून घ्या, पूर्ण. नुसतं ०२ पासिंग होतं एवढ्यावर अंधेरीत कुणाची रिक्षा सापडत नाही.